निअँडरथलच्या दाढेत चांदी

९ ऑगस्ट

आत्या,

फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी तू म्हणालीस की मी फोनवर ओरडतो आणि तुझं कानातलं यंत्र शिट्टी मारतं, तेव्हा यापुढे जे काय असेल ते कागदावर. ठीक आहे. कागदावर ओरडतो.

आधी कामाचं सांगतो, म्हणजे तू पुढचं वाचशील. संग्रहालयातलं आदिमानवाचं दालन आता दीड महिन्यात उघडायचंय. खाली तळघरात आमची साचेशाळा: उस्ताद, मी, दोन मोऱ्या आणि प्लास्टरची पोती. खरी हाडं कुठल्या कुठल्या तिजोऱ्यांत आहेत. आमच्याकडे येतात त्यांचे साचे. साच्याला आतून साबणाचं पाणी लावायचं, प्लास्टर ओतायचं, निघालेल्या प्रतीवरची सांध्याची रेघ खरवडायची आणि शेवटी चहाच्या पाण्याचे तीन हात द्यायचे. काल दुपारचं प्लास्टर आज चाळीस हजार वर्षांचं दिसतं. उस्तादांचा नियम एकच. प्रत साच्यातून निघाली की दुसरं काही करायच्या आत बुडाला नंबर घालायचा.

तू मला कॉलेज सोडल्याबद्दल बोललीस, बाबांनी बोलणंच सोडलं. पण आत्या, वाकलेल्या माकडापासून टप्प्याटप्प्यानं ताठ होत गेलेल्या माणसाची ती मिरवणूक भिंतीवर बघून तुझा भाचा गप्प कसा बसेल? तूच शिकवलंस ना की ती रांग नाही, झुडूप आहे. माकड आपला आजोबा नाही, चुलत भावंड आहे. मी सरांना हेच सांगितलं. ते हसले. मग मी तक्ता फाडला. तेव्हा तू म्हणाली होतीस, "चूक चित्राची होती, पण भिंत कॉलेजची होती." ते मला अजून पटलेलं नाही.

आता खरं कारण. हसू नकोस.

वर पहिल्या मजल्यावर एक मुलगी बसते. प्रत्येक कवटीखाली चाळीस शब्दांची पाटी असते, ती ही लिहिते. आम्ही सगळे तिला लेबलवाली म्हणतो. आठ महिन्यांपूर्वी मी दोन कवट्या घेऊन वर गेलो आणि म्हणालो, या दोन वेगळ्या प्रजाती आहेत, दोन पाट्या लाव. तिनं मान वर न करता विचारलं, "कशावरून?" मी म्हणालो, भुवईचं हाड बघ. ती म्हणाली, "तुझ्या आणि उस्तादांच्या भुवईत याहून जास्त फरक आहे. उस्तादांना वेगळी पाटी लावू का?" तू वर्गीकरणवाल्यांचे दोन पंथ सांगायचीस ना, दोन मिलिमीटरवरून नवं घराणं काढणारे तोडे आणि सगळ्यांना एकाच सतरंजीवर बसवणारे जोडे (पायातले नव्हेत)? ती कट्टर जोडी. मी तोड्या. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

मग दातांचं झालं. निअँडरथलच्या दातांशेजारी आजच्या माणसाचेही दात मांडायचे ठरले. जिवंत माणसाच्या खालच्या दातांचा साचा हवा होता. ती म्हणाली, "माझे घ्या." खुर्चीत बसली, मी तो गुलाबी लगदा भरलेला पत्रा तिच्या तोंडात बसवला आणि तीन मिनिटं हनुवटी धरून उभा राहिलो. आत्या, आठ महिन्यांत पहिल्यांदा मी बोललो आणि तिनं मध्ये तोडलं नाही! त्या तीन मिनिटांत मी तिला आपली आणि निअँडरथलची सोयरीक सांगितली. म्हटलं, हजारो वर्षं वेगळी राहिलेली घराणी, कपाळाची ठेवण वेगळी, छातीचा घेर वेगळा, तरी जमलंच ना त्यांचं? अजून आपल्यातल्या कितीतरी जणांत त्यांचा शेकडा दोन अंश फिरतोय! तिच्या डोळ्यांत पाणी आलं. उस्ताद म्हणाले लगद्यानं येतं.

तिच्या दातांच्या मी दोन प्रती काढल्या. एक नंबर घालून दालनात गेली. दुसरी तीन आठवडे माझ्या टेबलावर आहे. तिला मी नंबर घातला नाही. तिच्यावर आकडा घालायला माझा हात होईना.

आता संकट. तिला एका मोठ्या शहरातल्या संग्रहालयाचं बोलावणं आलंय. ३१ तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय. त्यात दालनात दिवे लावायला एक इसम आलाय, त्याला मी स्वतंत्र प्रजाती मानतो. शिडीवर चढून शीळ घालतो आणि ती हसते.

म्हणून मी ठरवलंय. आज तिला तिच्याच दातांची ती प्रत भेट देतोय, चहाचे तीन हात देऊन, सोबत चिठ्ठी. आणि तुला या पत्राबरोबर पाठवतोय निअँडरथलच्या खालच्या दातांची प्रत, मी एकट्यानं काढलेली. पोट्टा काही अगदी वाया गेलेला नाही, एवढं बाबांना सांग. ही दालनाची नाही, जादाची आहे म्हणून हिलाही नंबर नाही. दोन्ही पुडकी बांधून समोर ठेवली आहेत.

तुझा,
रागोबा

१६ ऑगस्ट

रागोबा,

तुझा निअँडरथल पोचला. कापसातून काढला, खिडकीशी नेला, भिंग लावून पाऊण तास पाहिला. काम सफाईदार आहे. सांध्याची रेघ कुठे दिसत नाही. तुझ्या बाबांना दाखवलं, ते "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे काय ते तुला माहीत आहे.

आता शास्त्राचं बोलू. मी तीस वर्षं मुलांच्या हातात जबडे दिलेत, तेव्हा थोडं कळतं.

निअँडरथलच्या शेवटच्या दाढेमागे बोटाचं टोक जाईल एवढी मोकळी जागा असते. तुझ्या नमुन्यात ती नाही. त्यांचे समोरचे दात मोठे, आणि चिमट्यासारखे वापरून वापरून गोल झिजलेले असतात. तुझ्या नमुन्याचे समोरचे दात बारीक आहेत, एक जरा दुसऱ्याच्या अंगावर आलेला आहे, गर्दीत उभ्या राहिलेल्या माणसासारखा. आणि उजवीकडच्या दुसऱ्या दाढेच्या मधोमध मला एक नीट कोरलेली चौकोनी कड दिसली. मी आधी माझ्या मोतीबिंदूला दोष दिला. मग नखानं चाचपून पाहिलं. बाळा, ती दाढ भरलेली आहे. चाळीस हजार वर्षांपूर्वी दाढेत चांदी भरून देणारा कोण होता, त्याचा पत्ता कळव. मला एक दाढ दाखवायची आहे.

थोडक्यात, तुझा निअँडरथल पंचविशीतली मुलगी आहे. डावीकडे अक्कलदाढ आलेली (तुला अजून एकही नाही, हे मला माहीत आहे). समोरच्या दातावर बारीक खाच आहे, म्हणजे विचार करताना पेन्सिल चावते. आणि दाढांचे माथे तिच्या वयाला शोभत नाहीत इतके घासलेले आहेत. ही मुलगी झोपेत दात खाते. कशाची तरी चीड आहे तिला, दिवसा गिळते आणि रात्री चावते. तुझ्या चार पानांत तिच्या हसण्याचं वर्णन आहे, या चिडीचा उल्लेख नाही. तीन आठवडे तू हे दात टेबलावर ठेवून काय बघत होतास?

पण तो प्रश्न नंतरचा. आधीचा प्रश्न हा की तिचे दात माझ्याकडे असतील तर तिच्याकडे काय गेलं?

आणि चिठ्ठीत काय लिहिलं होतंस? शब्दन् शब्द कळव.

आत्या

२० ऑगस्ट

आत्या,

मेलो.

तुझं पत्र वाचून मी साचेशाळेतच मटकन खाली बसलो, ते नेमका ओल्या प्लास्टरच्या घमेल्यात. उस्ताद म्हणाले, "उठू नकोस, आता पूर्ण सुकू दे, साचा चांगला येईल." माणसाला दुःखातही सोडत नाहीत.

चिठ्ठी शब्दन् शब्द देतो. वाचून फाडून टाक.

"हे तुझं आहे. तीन आठवडे माझ्या टेबलावर होतं. कामात अडलो की याच्याकडे बघतो. याच्याइतकं सुंदर मी आजवर काही पाहिलं नाही. डोळे मिटले तरी तुझा चेहरा असाच दिसतो. जाऊ नकोस."

आणि आत काय, तर झिजून खुंट झालेले, मधून फटी पडलेले, कातडी ओढून ओढून गोल झालेले दात! "तुझा चेहरा असाच दिसतो!" मी तिच्या जागी असतो तर ते पुडकं खिडकीतून बाहेर फेकलं असतं, खाली मी उभा असताना.

आता कळलं ती दहा दिवस माझ्याशी का बोलत नाहीये. मला वाटत होतं दिवेवाल्यामुळे. परवा त्याची शिडी मी जरा हलवली होती. जरा. तो वर होता हे खरं, पण पडला नाही.

तिच्याकडून फक्त एक कागद आला होता, कामाच्या कागदांत खोचून. मी तो तेव्हा धड वाचलाही नाही, दालनाची पाटी समजून बाजूला टाकला. काल शोधून काढला. तुझ्यासाठी उतरवून काढतोय:

"नमुना. नंबर नाही (उस्तादांना कळवावं का?). खालचे दात, संपूर्ण. शेवटच्या दाढेमागे ११ मिलिमीटर जागा. समोरच्या दातांवर तिरके ओरखडे, एकूण २३. त्यातले १९ एकाच दिशेचे. म्हणजे मांसाचा तुकडा दातात धरून गारगोटीनं कापताना हात घसरत असे, आणि तो हात उजवा होता. वय सुमारे चाळीस. निर्णय: निअँडरथल. 'हे तुझं आहे' हा सोबतच्या चिठ्ठीतला दावा पुराव्याअभावी फेटाळण्यात येत आहे. चिठ्ठीतला उरलेला मजकूर या विभागाच्या कक्षेत येत नाही."

बघितलंस? फेटाळण्यात येत आहे! सरकारी भाषा! तिनं मला माणसातून उठवलं, आत्या. आता तोंड कसं दाखवू? मी राजीनामा लिहून ठेवलाय. आज देणार होतो, पण पँट वाळत होती.

रागोबा

२४ ऑगस्ट

रागोबा,

राजीनामा फाड. चिठ्ठी मी फाडणार नाही, म्हातारपणी करमणूक लागते.

तू शास्त्राचा विद्यार्थी होतास ना? मग पुरावा वाचायला शीक. ज्या बाईला अपमान वाटला ती वस्तू फेकते, परत पाठवते, निदान वरिष्ठांकडे तक्रार करते. या मुलीनं ओरखडे मोजले. तेवीस. तेवढे ओरखडे मोजायला भिंगाखाली किमान तासभर लागतो, आणि दिशा ठरवायला आणखी तासभर. दोन तास तुझ्या भेटीकडे डोळा लावून बसलेल्या बाईला तू चिडलेली म्हणतोस? आणि नमुना परत आला का? नाही. "कक्षेत येत नाही" म्हणाली. "खोटं आहे" म्हणाली नाही. पुडकं चुकलंय हे तिला पहिल्या दिवशी कळलं असणार. ती वाट बघतेय की हे महाशय येऊन खुलासा कधी करतात. आणि महाशय काय करतायत, तर शिड्या हलवतायत.

तुझं हे जुनं दुखणं आहे. कुणाच्या कपाळावर आठी दिसली की तुझ्या दृष्टीनं ती वेगळी प्रजाती, आपला-तिचा संबंध संपला! घरातही तेच. बाबा एकदा ओरडले, तू त्यांना झुडपाच्या दुसऱ्या फांदीवर बसवलंस. अरे, एवढ्यातेवढ्यावरून फांद्या तोडायच्या तर झुडूप राहील का?

आता ऐक. सरळ वर जा. दिवसाउजेडी, हातपाय धुऊन. पुडक्यांचा घोळ दोन वाक्यांत सांग. प्रेमाचं आत्ता काढू नकोस, ते तिला माहीत आहे; तुझ्या चेहऱ्यावर पाटी लावायची गरज नाही. तिला एवढंच विचार की तिची चीड कशाची आहे. आठ महिन्यांत तू तिच्याशी प्रजातींवरून भांडलास, तिला सोयरीक समजावलीस, तिचे दात घेतलेस. तिला त्या मोठ्या शहरात जायचंय की नाही, आणि का, हे एकदा तरी विचारलंस?

आत्या

३० ऑगस्ट

आत्या,

विचारलं. आणि सगळं संपलं. कसं ते सांगतो. या वेळी माझी बाजू घे, नाहीतर पुढचं पत्र पाठवणार नाही.

सत्तावीसला वर गेलो. हातपाय धुतले होते. ती खिडकीशी, पेन्सिल दातात, समोर पाट्यांचा गठ्ठा. मी पुडक्यांचा घोळ सांगितला. दोन वाक्यांत नाही, साधारण चाळीस लागली. ती ऐकून घेत होती आणि ओठ दाबत होती. म्हणाली, "मला कळलं होतं. पण चिठ्ठी छान होती. चाळीस वर्षांच्या बाप्याला असं कुणी कधी लिहिलं नसेल." आणि हसली, आत्या! शिडीवाल्यासाठी हसते तसं नाही. वेगळं.

तिथेच उठलो असतो तर बरं झालं असतं. पण तू सांगितलं होतंस. मी विचारलं, "तू झोपेत दात खातेस का?"

तिचा चेहराच बदलला. "तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या आत्यानं."

"तिला कुणी सांगितलं?"

"तुझ्या दातांनी."

मग तिनं तो गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. एकोणीस पाट्या. सगळ्यांवर लाल शाई. आणि लाल शाईनं दर वेळी एकच शब्द खोडलेला: बहुधा. "हे बहुधा शिकार करत." खोडलं. "ही कवटी बहुधा बाईची असावी." खोडलं. "हे आपले बहुधा थेट पूर्वज नव्हेत." खोडलं, आणि "बहुधा"बरोबर चुकून "नव्हेत"ही खोडलं, त्यामुळे आता "हे आपले थेट पूर्वज" अशी पाटी लागणार! ती म्हणाली, "दालनप्रमुख म्हणतात, लोक तिकीट काढून येतात, त्यांना उत्तर पाहिजे, शंका नको. मला खोटं लिहायचं नाही. म्हणून त्या मोठ्या शहरातल्या..."

पुढचं मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात सणक गेली. म्हटलं, आत्ता येतो. ती म्हणाली, "कुठे चाललास? थांब, पूर्ण ऐक, मी..." पण तोवर मी जिन्यात होतो.

दालनप्रमुख जेवून खुर्चीत मागे रेलले होते. मी म्हणालो, "साहेब, तुमच्या पणजोबांचे पणजोबा कोण, सांगता येईल?"

ते म्हणाले, "कोण तू?"

"साचेशाळेतला."

"कॉलेज?"

"सोडलंय."

"सोडलंय की काढलंय?"

मी म्हणालो, "बहुधा सोडलंय."

आत्या, शपथ, ते ठरवून आलं नाही. तोंडातून गेलं. आणि त्याच जोरावर मी पुढे बोलत सुटलो. म्हटलं, चार दात आणि अर्धी कवटी हातात असताना छातीठोक बोलणं म्हणजे चहाचा रंग लावून प्लास्टर खपवणं आहे. ते आम्ही तळघरात करतो, निदान नंबर तरी घालतो! शेवटच्या शब्दाला मी टेबलावर मूठ आपटली. तिथे एक जबडा होता. आता नाही.

मला पंधरा दिवस घरी बसवलं. त्याचं काही नाही. पण खाली आलो तर ती जिन्यात उभी. पांढरी पडलेली. म्हणाली, "एकोणीसमधल्या अकरा पाट्यांवरचं 'बहुधा' मी परत मिळवलं होतं. महिनाभर. एका वेळी एक, त्यांचं जेवण झाल्यावर आणि डुलकी लागायच्या आधी. उरलेल्या आठही अशाच झाल्या असत्या. मग मी इथेच राहणार होते. आत्ता त्यांनी सगळ्या लाल शाईसकट छापायला पाठवल्या." मी म्हणालो, मी तुझ्यासाठी भांडलो. ती म्हणाली, "माझं भांडण तुला दिलं कुणी?"

त्याच संध्याकाळी तिनं त्या संग्रहालयाला होकार कळवला. उस्तादांनी सांगितलं.

मी बरोबर होतो ना, आत्या? निदान शास्त्राच्या बाजूनं?

रागोबा

३ सप्टेंबर

रागोबा,

वाचलं. दोनदा.

शास्त्राच्या बाजूनं तू बरोबर होतास. तक्त्याच्या वेळीही होतास. दोन्ही वेळा बरोबर असून तू काय मिळवलंस, तर एकदा घरी बसलास आणि आता पुन्हा बसलायस.

तिला विचार म्हणून मी सांगितलं होतं. तू विचारून पळालास. प्रश्न विचारल्यावर उत्तर संपेपर्यंत तिथेच थांबायचं असतं, हे मला वेगळं लिहावं लागेल असं वाटलं नव्हतं.

आता सल्ला नाही. तिचे दात मात्र तिचे तिला मी आज टपालानं पाठवतेय, संग्रहालयाच्या पत्त्यावर, चिठ्ठीसकट. चिठ्ठीत काय आहे ते तुला सांगणार नाही.

आत्या

११ सप्टेंबर

आत्याबाई,

दुसरं काही म्हणायला सुचत नाही, तो उठताबसता हेच म्हणतो. मी लेबलवाली.

माझे दात मिळाले. आपल्या डोळ्यांना सोसवत नसताना आपण त्यांचं एवढं निदान केलंत, आभारी आहे. उजवीकडची दाढ अकराव्या वर्षी भरली. भरणाऱ्या डॉक्टरांचा पत्ता मागे लिहिलाय, ते अजून आहेत. झोपेत दात खाण्याचंही खरं. आई शेजारच्या खोलीतून भिंत ठोकते.

आपण चिठ्ठीत लिहिलंत की त्याला माफ करण्याची शिफारस आपण करत नाही, फक्त तो परत आला तर किती वेळ गप्प बसतो ते घड्याळ लावून पाहावं. म्हणून हे सविस्तर लिहिते.

तो काल आला. पंधरा दिवस संपायला एक दिवस होता, कर्मचाऱ्यांच्या दारातून त्याला सोडेनात. म्हणून समोर गेला, तिकीट काढलं आणि एका शाळेच्या सहलीमागे रांगेत उभा राहिला. मी आमच्या अजून न उघडलेल्या दालनात पाट्या बसवत होते. त्याच आठ पाट्या. अकरांच्या बाबतीत मी मुद्रकाला परस्पर फोन केला होता, त्या जशा मी लिहिल्या तशा छापून आल्या; दालनप्रमुखांनी अजून वाचलेल्या नाहीत, बहुतेक वाचणारही नाहीत. हे त्याला मी सांगितलं नव्हतं. सांगायला सवडच कुठे दिली त्यानं?

मुलं पुढच्या दालनात गेली आणि हा दोरी ओलांडून समोर. मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तो माफी मागणार, त्याला काय म्हणायचं. तो "जाऊ नकोस" म्हणणार, त्याला काय म्हणायचं. "मीही येतो" म्हणणार, त्याला तर मी तीन मुद्दे काढले होते.

तो म्हणाला, "चूक झाली. माझ्यामुळे तुझा महिना फुकट गेला." मग बाकावर बसला आणि म्हणाला, "तिकडे राहायची सोय काय?"

हा प्रश्न माझ्या यादीत नव्हता.

मग मी खरं तेच सांगत गेले. की एक खोली तिसऱ्या मजल्यावर आहे, पण पाणी चढतं का माहीत नाही. दुसरी तळमजल्यावर, पण खिडकी थेट रस्त्यावर. की मी कधी एकटी राहिलेली नाही. की आईला अजून सांगितलेलंच नाही. की तिथल्या पाट्या कोण तपासतं तेही मी विचारायला विसरले आणि आता भीती वाटते की तिथेही लाल शाई असेल. हे मी कुणालाच बोलले नव्हते. आत्याबाई, तो बसून होता. मध्ये एकदा तोंड उघडलं, मला वाटलं आता सुटला, पण त्यानं ते पुन्हा मिटलं. जबड्याचा स्नायू दिसत होता. आपण सांगितलंत म्हणून घड्याळ पाहिलं: चोवीस मिनिटं. उस्ताद दोनदा डोकावून गेले. त्यांना वाटलं त्याला बरं नाही.

मग मी विचारलं, "काही बोलायचंय?" म्हणाला, "तिसऱ्या मजल्याची बघ. पाणी चढत नसेल तर मी येऊन चढवीन. नको म्हणालीस तर नाही येणार." हे शेवटचं वाक्य म्हणताना त्याला किती कष्ट पडले ते आपण पाहायला हवे होते.

त्याच्याबद्दल मला काय वाटतं ते आपण विचारलं नाहीत, पण आपल्याला ते कळायला हवं. मला त्याच्याशी भांडायला आवडतं. इथे बाकीचे सगळे माझं ऐकून "बरं" म्हणतात आणि हवं तेच करतात. हा एकटाच असा आहे की कवटी घेऊन पुन्हा वर येतो. तिकडे गेल्यावर मला पहिल्यांदा त्याचीच आठवण येईल, हे मला त्या बाकावर कळलं. मी त्याला ते सांगितलंही. तो उठला आणि काचेवर आपटला.

कॉलेजचा विषय मी काढलेला नाही. एका वेळी एकच दाढ.

येत्या रविवारी मी खोली बघायला जातेय आणि त्याला बरोबर नेतेय. तो घरमालकाशी भांडणार, हे मला स्वच्छ दिसतंय. भाड्यावरून नाही भांडला तर भिंतीवरच्या एखाद्या तक्त्यावरून भांडेल. तरी नेतेय. आपण त्याला लहानपणापासून ओळखता. काही उपाय असेल तर उलट टपाली कळवावं.

आपली,
लेबलवाली

१३ सप्टेंबर

मुली,

उपाय आहे. रविवारी त्याला खाली फाटकाशी उभा कर. तू एकटी वर जा. नळ सोडून बघ, खिडक्या उघडून बघ, कराराचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाच, सही कर, किल्ली घे आणि पदराला नाहीतर पर्सला, जिथे काय बांधतेस तिथे बांध. मग त्याला वर बोलाव.

भांडायचंय ना त्याला? भांडू दे. पण किल्ली हातात आल्यावर.

आत्या